सीआरआरटी चालू असताना लॅक्टेट कसं वाचायचं

रात्रीचे अडीच वाजलेले, चार नंबर बेडवर सीआरआरटी, म्हणजे चोवीस तास हळूहळू चालणारं डायलिसिस, लावून सहा तास झालेले, आणि एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, कागद हातात घेऊन आमचा रेसिडेंट विचारतो, सर लॅक्टेट साडेसहाचं आठ झालंय, डोस वाढवू का. मी हो म्हणालो. लॅक्टेट म्हणजे अंगाला रक्त-ऑक्सिजन पुरंना झालं की रक्तात चढणारा पदार्थ, आणि डोस म्हणजे मशीन तासाला किलोमागे किती एमएल पाणी गाळून काढते तो आकडा. पंचवीसचे पस्तीस केले. सकाळी सातला लॅक्टेट अकरा, पोट टम्म, सीटीत आतड्याची रक्तवाहिनी बंद, आणि सर्जननी पोट उघडलं तेव्हा निम्म्याहून जास्त आतडं काळं पडलेलं. औशाकडचा पन्नाशीतला शेतकरी, चार दिवसांनी गेला. लवकर उघडलं असतं तरी गेला असता असं मला बरेच जण म्हणाले, पण ते साडेचार तास मी मशीनचे आकडे वर-खाली करत बसलो आणि त्या मशीनचा त्या लॅक्टेटशी जवळपास काही संबंधच नव्हता, हे अजून टोचतंय. म्हणून हे लिहायलोय.

हे आयसीयूतल्या ज्युनियर डॉक्टरांसाठी आहे, सिस्टर-ब्रदर लोकांसाठी आहे, डायलिसिस टेक्निशियनसाठी आहे. लातूर असो, नांदेड असो, संभाजीनगर असो, आता मराठवाड्यातपण सीआरआरटी लागायलीय, पण मशीन आली त्या मानाने तिच्यावरचा पेशंट वाचायचं शिक्षण आलं नाही. बटणं कंपनीवाला शिकवून जातो, लॅक्टेट कोणी शिकवत नाही. (पेशंटचे निर्णय आपापल्या सीनियरला विचारूनच घ्या, मी फक्त कसा विचार करायचा ते सांगतोय.)

पहिली गोष्ट मनात पक्की करा. सीआरआरटी लॅक्टेट काढते का? काढते. लॅक्टेटचा रेणू एवढासा, वजन ९० च्या आसपास, प्रोटीनला चिकटत नाही, फिल्टरमधून सरळ पार होतो, रक्तात जेवढं असतं साधारण तेवढंच एफ्लुएंटमध्ये, म्हणजे फिल्टरमधून बाहेर पडून पिशवीत जमणाऱ्या पाण्यात, सापडतं. कोणाला खात्री करायची असेल तर एफ्लुएंटचं सॅम्पल लावून बघा एकदा. आणि इथंच सगळे फसतात, कारण पिशवीत लॅक्टेट दिसतं म्हणून वाटतं की मशीन लॅक्टेट साफ करायलीय. प्रश्न काढते की नाही हा नाहीच, शरीराच्या हिशोबात ते किती हा आहे.

हिशोब कागदावर स्वतः करा, एकदा केला की आयुष्यभर विसरत नाही. पेशंट ६० किलो, डोस २५ एमएल प्रति किलो प्रति तास, म्हणजे तासाला दीड लिटर एफ्लुएंट, म्हणजे मिनिटाला २५ एमएल. लॅक्टेटसाठी फिल्टरचा क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला जेवढं रक्त लॅक्टेटमुक्त होतं तो आकडा, बस्स एवढाच, आणि प्रीडायल्यूशन, म्हणजे फिल्टरच्या आधीच रक्तात मिसळलेलं फ्लुइड, जास्त ठेवलं असेल तर त्याहून कमी. आता शरीर स्वतः मिनिटाला किती रक्त लॅक्टेटमुक्त करतं? एक लिटरच्या पुढे. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हे मोजून ठेवलंय, सीआरआरटीवरच्या पेशंटला सोडियम लॅक्टेट देऊन शरीराचा क्लिअरन्स आणि फिल्टरचा क्लिअरन्स वेगवेगळा काढला, शरीराचा मिनिटाला साधारण १३७९ एमएल आणि फिल्टरचा २४ च्या आसपास. म्हणजे एकूण कामातलं तीन टक्केसुद्धा मशीनचं नाही. यातला मोठा वाटा लिव्हरचा, त्यानंतर किडनीचा, बाकी हृदय आणि स्नायू.

आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीला झरे चालू आहेत, वर साडेसात एचपीची मोटर आहे आणि बाजूला आपण पोहऱ्याने पाणी शेंदायलोय. पाणी चढायलंय म्हणजे एकतर झरे वाढले नाहीतर मोटर बसली. पोहरा जरा जोरात ओढून काय होणार आहे? मोटर अगदी पाव ताकदीवर आली, म्हणजे लिव्हर पार गळालं, तरी मिनिटाला साडेतीनशे एमएल धरा, आणि आपले पंचवीस. डोस चाळीसवर नेला तर चाळीस. फरक पडतो, पण जीव वाचवणारा फरक पडत नाही.

डोस वाढवून पेशंट जास्त जगतात का हे पण तपासून झालंय. २००८ ला अमेरिकेतली एटीएन ट्रायल, २००९ ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची रीनल ट्रायल, जिच्यात २५ विरुद्ध ४० एमएल होतं आणि नव्वद दिवसांचा मृत्यूदर दोन्हीकडे ४४.७ टक्के, आणि २०१३ ला आयव्हॉयर, सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने प्रेशर कोसळलेल्यांमध्ये, ३५ विरुद्ध थेट ७०. कुठंच फायदा नाही. उलट डोस वाढवला की अँटिबायोटिक जास्त धुवून जातं, फॉस्फेट पडतं, पोटॅशियम पडतं. केडिगोचं, म्हणजे किडनीच्या उपचारांचे नियम लिहिणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं, म्हणणं २० ते २५ एमएल प्रत्यक्षात मिळायला हवेत, आणि फिल्टर बंद पडून, सीटीला नेऊन, पिशव्या बदलून जो वेळ जातो तो धरून लिहिताना थोडं वर, पंचवीस-तीस लिहायचं. लॅक्टेटसाठी डोस वाढवायचा नाही. हे वाक्य मी आमच्या नर्सिंग स्टेशनवर चिकटवलंय.

आणि उशिरा कळलेला भाग हा, की मशीन लॅक्टेट धुवत नाही हे आपल्यासाठी चांगलंच आहे. विचार करा, मशीनने लॅक्टेट धुवून टाकलं असतं तर आकडा उतरला की आपण खूश झालो असतो आणि आत आतडं सडत राहिलं असतं. मशीन धुवत नाही म्हणूनच सीआरआरटी चालू असतानापण लॅक्टेटवर विश्वास ठेवता येतो. उतरलं तर पेशंट खरंच सुधारायलाय. चढलं तर आत काहीतरी बिघडायलंय, आणि ते शोधायचं काम आपलं.

रक्त किती आम्ल झालंय ते सांगणारा पीएच मात्र असा भरवशाचा नाही. पिशवीतून बायकार्बोनेट आत जायला लागलं की चार-सहा तासांत पीएच ७.१५ चा ७.३० होतो, बेस एक्सेस सुधारतो, मॉनिटरसमोर सगळ्यांचे चेहरे उजळतात. पण लॅक्टेट आठच. आजार तिथंच आहे, फक्त रक्ताचं आम्ल मारलं गेलं. त्याचा उपयोग आहेच, हृदय जरा बरं चालतं, प्रेशर धरून ठेवणारं नॉरअॅड्रिनॅलिन जरा बरं काम करतं, तेवढा वेळ हातात मिळतो. पण चार्टवर 'अॅसिडोसिस सुधारला' लिहून झोपायला जायचं नाही, पीएचचा आणि लॅक्टेटचा रकाना वेगळा ठेवायचा आणि दोन्ही वाचायचे. शिवाय पीएच वर गेला की पेशीतलं ग्लायकोलिसिस, म्हणजे साखर फोडायचं काम, थोडं जोरात चालतं, त्यामुळे सुरुवातीला लॅक्टेट किंचित वर जाऊ शकतं, पाच-दहा टक्क्यांनी घाबरू नका, पण तीन वेळा ओळीने चढलं तर घाबरा.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. मशीन जोडायच्या आधीचं लॅक्टेट घ्या आणि वेळेसकट लिहा. हे एवढं साधं काम निम्म्या वेळा राहतं, कारण सगळे कॅथेटर घालण्यात आणि प्रायमिंगमध्ये गुंतलेले असतात, मग सहा तासांनी आकडा आला की तुलना कशाशी करायची? तालुक्याच्या दवाखान्यातून आलेला रिपोर्ट असेल तर युनिट बघा. काही लॅब मिलीग्रॅम पर डेसीलिटरमध्ये देतात, आमच्या एबीजी मशीनवर मिलीमोल पर लिटर येतं, नऊने भागायचं. मिलीग्रॅममध्ये ३६ म्हणजे मिलीमोलमध्ये ४. एकदा ३६ बघून पेशंट आता संपला असं समजून नातेवाइकांना बाहेर बोलावलं होतं, आणि नंतर आपल्या मशीनवर ३.८ आलं म्हणून 'ट्रीटमेंटने फार सुधारणा' असंही सांगून झालं. दोन्ही चूक. त्या घरच्या लोकांचे दोन तास कसे गेले असतील.

सॅम्पल आर्ट लाइनमधूनच, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीतूनच, आणि दरवेळी तिथूनच. डायलिसिस कॅथेटरमधून नको, मशीनच्या पोर्टमधून नको, ज्या हातात आरएलचं सलाईन चालू आहे त्या हाताच्या शिरेतून तर अजिबात नको, कारण आरएलमध्येच लिटरला २८ मिलीमोल लॅक्टेट असतं. शिरेतून घ्यावंच लागलं तर टूर्निके फार वेळ बांधून, मूठ आवळायला लावून घ्यायचं नाही. सिरिंज लगेच मशीनला लावा, पंधरा मिनिटांत, उशीर होणार असेल तर बर्फात ठेवा, कारण सिरिंजमधल्या लाल पेशी बसल्या-बसल्या लॅक्टेट तयार करत राहतात. लॅबला पाठवायचं असेल तर राखाडी झाकणाची फ्लोराइडची ट्यूब. रात्री वॉर्डबॉय मामा दुसऱ्या मजल्यावर सॅम्पल घेऊन जातात आणि लिफ्ट बंद असते, मग आलेला आकडा पेशंटचा की जिन्याचा?

आरएलबद्दल एक बोलून घेतो, नाहीतर कोणीतरी उद्या आरएल बंद करेल. अर्धा लिटर आरएलमधून १४ मिलीमोल लॅक्टेट जातं, आणि धडधाकट माणसाचं शरीर बसल्याजागी तासाला साठेक मिलीमोल बनवतं आणि तेवढंच वापरून टाकतं. त्यामुळे लॅक्टेट जास्त आहे म्हणून शॉकमधल्या पेशंटचं आरएल थांबवायचं कारण नाही. लिव्हर पूर्ण गेलेलं असेल तर वेगळा विचार.

पिशवीचं लेबल वाचा. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणीतरी वाचत नाही. रिप्लेसमेंट आणि डायलिसेट फ्लुइडमध्ये बफर, म्हणजे आम्ल मारणारा पदार्थ, कोणता आहे, बायकार्बोनेट की लॅक्टेट? लॅक्टेट बफरच्या पिशवीत लिटरला ३५ ते ४५ मिलीमोल लॅक्टेट असतं, आणि त्याचं बायकार्बोनेट करायचं काम लिव्हरचं. तासाला दीड लिटर म्हणजे साठ मिलीमोल आत, म्हणजे अख्खं शरीर तासाला जेवढं बनवतं तेवढंच आणखी एकदा आपण वरून ओतायलोय! लिव्हर धड असेल तर झेपतं. शॉकमध्ये, लिव्हर फेल्युअरमध्ये नाही झेपत, लॅक्टेट चढतं, पीएच सुधरत नाही, आणि आपण सेप्सिस वाढलं म्हणत बसतो. म्हणून केडिगोने २०१२ पासून शॉक, लिव्हर फेल्युअर, लॅक्टिक अॅसिडोसिस असलेल्यांना बायकार्बोनेटवालं फ्लुइडच वापरा असं सांगितलंय. स्टॉक संपला म्हणून रात्री दुसरी पेटी फोडली जाते तेव्हा हे घडतं, तेव्हा पिशवी बदलली की ब्रदरने चार्टवर बफर लिहायचाच. बायकार्बोनेटच्या बऱ्याच तयार पिशव्यांतपण ३ मिलीमोल लॅक्टेट असतं, ते चालतं, त्याने काही बिघडत नाही, पण माहीत असावं. ज्या छोट्या ठिकाणी अजून पोटातलं डायलिसिस करतात त्या फ्लुइडमध्येही बहुतेक वेळा लॅक्टेटच असतं, ३५-४० च्या घरात, तिथून आलेल्या पेशंटचा आकडा वाचताना ते धरा.

सायट्रेट. इथं जरा थांबतो कारण लॅक्टेट आणि सायट्रेट हे एकाच घरातले दोन प्रश्न आहेत. फिल्टरमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट देतो, त्यातलं बरंच एफ्लुएंटमध्ये जातं, उरलेलं पेशंटच्या अंगात येतं आणि ते लिव्हर, स्नायू, किडनी मिळून जाळतात. ज्या पेशंटचं लॅक्टेट चढतंय त्याचं लिव्हर आणि स्नायूंचं हे जाळायचं काम आधीच बसलेलं असू शकतं, म्हणून सायट्रेटपण साठू शकतं. सुरुवातीचं लॅक्टेट खूप वर आणि उतरायचं नाव नाही, तर सायट्रेट सुरू करताना दहा वेळा विचार करा, सुरू केलंच तर डोळ्यात तेल घालून बघा. कसं बघायचं? टोटल कॅल्शियमला आयोनाइज्ड, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या, कॅल्शियमने भागा, दोन्ही मिलीमोलमध्ये घेऊन, टोटल मिलीग्रॅममध्ये आलं असेल तर आधी चारने भागा. उत्तर २.५ च्या वर गेलं की सायट्रेट साठायलंय. उदाहरण घ्या, टोटल १२ मिलीग्रॅम म्हणजे ३ मिलीमोल, आयोनाइज्ड ०.९, भागाकार ३.३, हे वाईट. त्यासोबत आयोनाइज्ड पडत जातं, कॅल्शियमचं इन्फ्युजन वाढवत राहावं लागतं, अॅसिडोसिस परत डोकं वर काढतो. नुसतं आयोनाइज्ड बघून कॅल्शियम वाढवत बसलात तर हे झाकलं जातं. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये उष्माघाताचे पेशंट येतात, पहिल्या दिवशी लिव्हर एंझाइम बरे दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आभाळाला लागतात, अशांना पहिल्या दिवशी चाललेलं सायट्रेट तिसऱ्या दिवशी चालेलच असं नाही.

मशीन सुरू झाली. पहिले आठ तास दर दोन तासांनी लॅक्टेट, मग चार-सहा तासांवर जा. एका आकड्यावर काही ठरवू नका, वळण बघा. सुरुवातीच्या आकड्यातून आताचा वजा करा, सुरुवातीच्याने भागा, शंभरने गुणा, तेवढे टक्के उतरलं. २००४ च्या एका अभ्यासात सेप्सिसच्या पेशंटमध्ये पहिल्या सहा तासांत दहा टक्के किंवा जास्त उतरलेले जास्त वाचले, आणि २०१० च्या नेदरलँड्सच्या ट्रायलमध्ये दर दोन तासांनी वीस टक्के उतरवायचं ध्येय ठेवलं होतं. सोबत बोटाचं टोक दहा सेकंद घट्ट दाबून सोडा, रंग परत यायला तीन सेकंदांच्या वर लागले तर रक्त कडेपर्यंत पोचत नाहीये. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये या बोट दाबण्यावर शॉकची ट्रीटमेंट चालवली तर ती लॅक्टेटवर चालवण्यापेक्षा मागे पडली नाही. फुकटची तपासणी आहे, वीज गेली तरी होते.

आणि आता माझा खरा मुद्दा, लॅक्टेट चढलं तर काय करायचं. मशीनकडे पाठ करा आणि पेशंटकडे तोंड करा. खरंच तसं उभं राहा. पांघरूण काढा. पोट दाबून बघा, फुगलंय का, कडक आहे का, नाकातून पोटात घातलेल्या एनजी नळीतून काय येतंय, संडास कशी आहे. नॉरअॅड्रिनॅलिन मोठ्या डोसवर आहे, पोट फुगतंय आणि लॅक्टेट चढतंय, हे तिन्ही एकत्र आले की आतडं समजून चालायचं आणि त्याच रात्री सर्जनला उठवायचं. पाय गार पडलेत का, एकच पाय गार आहे का. साप चावलेला असेल, आपल्याकडे घोणसवाले किडनी घेऊनच येतात, तर चावलेला हात-पाय ताठ सुजलाय का, आत दाब वाढून स्नायू मरायलेत का. पाठ उलटवून बघा, बेडसोअर, डायबेटिक पेशंटचं वृषण-मांडी, फोर्नियरचं गँगरीन असंच सापडतं. अँटिबायोटिकचा डोस बघा, बऱ्याचदा किडनी खराब म्हणून कमी केलेला असतो आणि मग सीआरआरटी लागते, औषध धुवून जायला लागतं, आणि डोस कोणी परत वाढवलेलाच नसतो, मग इन्फेक्शन कसं आटोक्यात येणार. इको करा, हृदय कसं ओढतंय बघा. हिमोग्लोबिन बघा, रक्त कुठं जातंय का, फिल्टर दोन-तीनदा गोठून प्रत्येक वेळी सर्किटमधलं दीड-दोनशे एमएल रक्त फेकलंय का.

मग औषधांचा चार्ट. अॅड्रिनॅलिन चालू आहे? ते पेशीवरच्या बीटा-टू रिसेप्टरवरून लॅक्टेट बनवायला लावतं, रक्तपुरवठा बरा असतानाही आकडा वर ठेवतं, बोट दाबलं तर दोन सेकंदांत रंग येतो आणि लॅक्टेट मात्र पाच, अशी गंमत त्यात दिसते. सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन तासातासाला चालू आहे? तेच कारण. लिनेझोलिड बरेच दिवस चाललंय? प्रोपोफॉल जास्त आहे? फिटचा झटका येऊन गेला? दारूचा इतिहास असेल, महिनाभर धड जेवलेला नसेल, तर थायमिन आठवा, ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, सीआरआरटीतून पण जातं, आणि ते नसलं तर पायरुवेट पुढं सरकत नाही, लॅक्टेटच होत बसतं. स्वस्त इंजेक्शन आहे. शंका आली की द्या.

मशीनकडे एकाच कारणासाठी परत वळायचं, यूएफ, म्हणजे मशीनने अंगातून ओढलेलं पाणी. लॅक्टेट चढलं त्याच्या आधीच्या चार तासांत आपण किती पाणी ओढलं? चौथ्या दिवशी पेशंट सुजलेला दिसतो, एक्स-रे पांढरा असतो, राउंडला कोणीतरी म्हणतं दोन लिटर निगेटिव्ह करा, आणि रात्रीत ते उरकायच्या घाईत तासाला दोनशे ओढलं जातं. प्रेशर मॉनिटरवर पडत नाही कारण नॉरअॅड्रिनॅलिन वाढवून सांभाळलेलं असतं, पण आतड्याला, लिव्हरला रक्त कमी पडतं आणि लॅक्टेट सांगून जातं. रीनल ट्रायलच्या पेशंटचं जे विश्लेषण २०१९ मध्ये आलं त्यात तासाला किलोमागे १.७५ एमएलच्या वर निव्वळ पाणी ओढलेल्यांमध्ये मृत्यू जास्त होते. साठ किलोला तो आकडा तासाला १०५ एमएल होतो. मी स्वतः यूएफ चालू असताना नॉरअॅड्रिनॅलिन दोनदा वाढवावं लागलं की यूएफ शून्य करतो, मशीन चालू ठेवतो. म्हणजे गंमत बघा, सीआरआरटी लॅक्टेट उतरवत नाही म्हणतोय आपण, पण चुकीची चालवली तर चढवू नक्की शकते.

मेटफॉर्मिनचं वेगळं सांगायला लागेल, कारण आमच्याकडे हे दरवर्षी दोन-तीन तरी येतात. म्हातारे बाबा, शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू, जुलाब-उलट्या तीन दिवस, जेवण नाही, आणि सून किंवा लेक नेमाने सकाळ-संध्याकाळ गोळी देत राहते कारण डॉक्टरांनी चुकवू नका म्हणून सांगितलेलं असतं. चांगल्या मनाने दिलेली गोळी. किडनी बसते, मेटफॉर्मिन साठतं, आणि पेशंट येतो तेव्हा श्वास धापांचा, पीएच ६.९ आणि लॅक्टेट १८. इथं डायलिसिसचा खरा उपयोग आहे, पण लक्षात घ्या कशासाठी, लॅक्टेट धुवायला नाही, मेटफॉर्मिन काढायला आणि पीएच सावरायला. झरा बंद करायचा आहे. एक्सट्रिप नावाच्या गटाने २०१५ मध्ये सांगितलंय, लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० किंवा खाली, किंवा बाकी उपचारांनी सुधारणा नाही, तर डायलिसिस करा, आणि १५ ते २० मध्ये असेल तरी विचार करा. त्यात पहिली पसंती साध्या हिमोडायलिसिसला, सीआरआरटी हळू पडते, साधं शक्य नसेल तरच सीआरआरटी. लॅक्टेट ३ च्या खाली आणि पीएच ७.३५ च्या वर येईपर्यंत चालवायचं आणि बंद केल्यावरही बघत राहायचं, कारण पेशींत लपलेलं मेटफॉर्मिन परत रक्तात येतं. अशा बाबांना जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस मशीन असताना केवळ 'सीआरआरटी पाहिजे' म्हणून दोनशे किलोमीटर पाठवलेलं बघितलंय मी. नका पाठवू. तिथंच साधं डायलिसिस सुरू करा, प्रेशर कमी असेल तर तीच मशीन हळू चालवून सहा ते बारा तासांचं स्लेड करा. स्लेड तर तासाच्या हिशोबात सीआरआरटीपेक्षा जास्तच काढते.

तसंच, नुसतं लॅक्टेट जास्त आहे म्हणून सीआरआरटी लवकर लावायची घाई नको. स्टार्ट-एकेआय ट्रायल २०२० मध्ये आली, तीन हजारांवर पेशंट, लवकर लावून जीव जास्त वाचले नाहीत. पोटॅशियम, पीएच, फुप्फुसात पाणी, युरेमिया, यासाठी लावा. लॅक्टेट सात आहे पण पोटॅशियम ४.५, पीएच ७.२८ आणि लघवी थोडी का होईना चालू आहे, तर आधी शॉकचं कारण पकडा. खर्चाचाही विचार करा हो. योजनेत काय बसतं ते कार्ड लागायच्या आधीच विचारून घ्या, जे बसत नाही त्याचे पैसे जमिनीच्या तुकड्यातून किंवा उचल घेऊन येतात, हे आपण सगळे जाणतो.

शेवटी नातेवाईक. बाहेर बाकड्यावर बसलेला मुलगा विचारतो, "डॉक्टरसाहेब, मशीन लावली तरी ते विष उतरंना का गेलंय?" त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की मशीन रक्त धुते, म्हणजे सगळं धुते. मी सांगतो, दादा, मशीन किडनीचं काम करायलीय, ते काम ती बरं करायलीय, पोटॅशियम उतरलंय, पाणी निघायलंय. हा दुसरा आकडा किडनीचा नाहीये, अंगाला रक्त-ऑक्सिजन पुरंना आणि लिव्हर थकलंय त्याचा आहे, तो मशीनने उतरत नाही, आजार हटला तर उतरतो, आणि आम्ही तो आजार कुठं आहे ते शोधायलोय. एवढं बोलायला तीन मिनिटं लागतात. आकडा पण सांगतो, सकाळी आठ होता, आता सहा आहे, असा. लोकांना आकडे कळतात, पावसाचे मिलिमीटर आणि कापसाचा भाव रोज बघणारी माणसं आहेत ती. आणि चढलं तर चढलं म्हणूनच सांगायचं, त्याच रात्री, सकाळचा राउंड होऊ द्या असं म्हणून थांबायचं नाही, कारण गावाकडून कोणाला बोलवायचं असेल तर शेवटची एसटी साडेआठला असते.